बजेटमुळे तुमच्या घरखर्चात नक्की काय बदललं?

सायली_म

नवऱ्याच्या ऑफिसातून मेल आलंय. गुंतवणुकीचे पुरावे जोडा, नाहीतर जुनी करप्रणाली की नवी ते एकदाचं सांगून मोकळे व्हा. दर जानेवारीत आमच्याकडे हा गोंधळ असतो. यंदा मात्र दोघांचं एकमत होत नाहीये.

एकूण वार्षिक पगार १३ लाख ४० हजार. मूळ वेतन महिना ४५ हजार. गृहकर्जाचं व्याज दोन लाखांच्या वर जातं. ८०सी, म्हणजे बचतीवरची दीड लाखाची वजावट, पूर्ण भरतं (पीएफ, लेकीची सुकन्या समृद्धी, एक जुनी विमा पॉलिसी). आरोग्य विम्याचे २५ हजार. घरभाडं नाही. एवढ्या वजावटी असताना ऑफिसातले सगळे 'नवी घे' म्हणतात, ते माझ्या गळी उतरत नाही.

दुसरा प्रश्न सगळ्यांसाठी. फेब्रुवारी २०२५च्या बजेटनंतर निम्म्या लोकांनी 'बारा लाखांपर्यंत कर शून्य' असं स्टेटस लावलं होतं. त्याआधी जुलै २०२४ मध्ये आणखी काही, राज्याच्या बजेटात आणखी काही. मी खर्चाच्या जुन्या वह्या काढून बसले, तर त्यातलं काय आमच्या घरात आलं आणि काय गेलं, ते सापडतच नाही. तुमच्याकडे सापडतं का? टीव्हीवरचं 'काय स्वस्त, काय महाग' नकोय. प्रत्यक्ष हातात काय पडलं किंवा हातून काय सुटलं, ते लिहा.

ठोंब्या

रुमाल टाकून ठेवतो. हिशोबनीस आले की जागं करा.

चहाबाज

बारा लाखांचं स्टेटस लावणाऱ्यांमधले निम्मे आधीपासूनच कर भरत नव्हते. :)

फुलराणी

माझं उत्तर सोपं आहे. पगार २२ हजार. २०२३ च्या राज्य बजेटात महिलांना २५ हजार पगारापर्यंत व्यवसाय कर माफ झाला. आधी ही मर्यादा १० हजार होती. दर महिन्याला कापले जाणारे २०० आणि फेब्रुवारीतले ३०० बंद झाले, म्हणजे वर्षाचे २५००. आजवरच्या सगळ्या बजेटांत पगाराच्या चिठ्ठीवर डोळ्यांनी दिसलेला बदल हा एवढाच. बाकी सगळं ऐकीव.

हिशोबनीस

@सायली_म, आकडे दिलेत म्हणून बरं. नाहीतर लोक 'माझा पगार साधारण आहे, कोणती घेऊ' असं विचारतात.

जुनी: १३,४०,००० मधून प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसाय कर २,५००, ८०सी १,५०,०००, व्याज २,००,०००, आरोग्य विमा २५,०००. उरले ९,१२,५००. कर ९५,०००, सेस (करावरचा ४ टक्के उपकर) धरून ९८,८००.

नवी: १३,४०,००० मधून फक्त ७५,०००. उरले १२,६५,०००. स्लॅबने कर येतो ६९,७५०. पण बाराच्या वर जेवढं उत्पन्न, त्याहून जास्त कर घेता येत नाही (मार्जिनल रिलीफ), म्हणून ६५,०००. सेस धरून ६७,६००.

म्हणजे नवीत ३१,२०० वाचतात. ऑफिसातले बरोबर सांगताहेत. आई-वडिलांच्या आरोग्य विम्याचा ज्येष्ठांसाठीचा ५० हजारांचा हप्ता तुम्ही भरत असाल, तर जुनीतला कर ८८,४०० वर येतो. तरीही नवीच पुढे. घरभाडं भत्ता मोठा असता तर चित्र उलटू शकलं असतं.

आता तुमच्या वहीचं कोडं. ह्याच पगारावर २०२४-२५ मध्ये नव्या प्रणालीत ९६,७२० कर बसला असता. २०२५-२६ ला ६७,६००. फरक महिन्याला अडीच हजारांच्याही आत. तो वेगळा काढून ठेवला नाही, तर महिन्याच्या खर्चात विरघळतो. वहीत दिसणार कसा?

आबा_पेन्शनर

हिशोबनीसांशी सहमत, पण एक भर घालतो. सरकार जे देतं ते भाषणात येतं. जे देत नाही ते कुठेच छापून येत नाही. ८०सीची दीड लाखाची मर्यादा २०१४ सालची आहे. गृहकर्जाच्या व्याजाचे दोन लाख त्याच वर्षीचे. जुन्या प्रणालीतली अडीच लाखांची करमुक्त मर्यादाही तेव्हाचीच. तेव्हापासून फ्लॅटच्या किमती कुठे गेल्या, बघा. कोणीही 'वजावट कमी केली' असं म्हटलं नाही. नुसती तशीच ठेवली. नवी प्रणाली आकर्षक दिसते त्यामागे हेही एक कारण आहे.

तसंच रेल्वेचं. ज्येष्ठांची तिकीट सवलत (पुरुषांना ४० टक्के, बायकांना ५०) मार्च २०२० मध्ये थांबवली ती थांबवलीच. कुठल्या बजेट भाषणात 'आम्ही सवलत काढून घेत आहोत' असं वाक्य ऐकलंत? माझ्या वहीत मात्र ते अगदी ठळक दिसतं, कारण मुलगी नागपूरला असते.

आणि तक्रार करतोच आहे तर अजून एक. रजा रोखीकरणावरची (निवृत्तीवेळी शिल्लक रजेचे पैसे मिळतात त्यावरची) करमाफी २००२ पासून तीन लाखांवर अडकलेली होती. २०२३ च्या बजेटात ती एकदम २५ लाख झाली. मी बँकेतून २०१९ ला निवृत्त झालो.

ठोंब्या

आबा, चार वर्षं उशिरा जन्माला यायला हवं होतं.

आबा_पेन्शनर

ठोंब्या, उशिरा जन्मलो असतो तर १९७३-७४ चा ९७.७५ टक्क्यांचा सर्वोच्च कर ऐकून वडिलांचा चेहरा कसा झाला होता, ते आठवलं नसतं. त्यांना तो लागू नव्हता, पगारच तेवढा नव्हता. तरी आठवडाभर त्याच गप्पा. तेव्हा बजेट संध्याकाळी पाचला असायचं, रेडिओभोवती अख्खी चाळ जमायची. १९९९ पासून सकाळी अकराला झालं आणि २०१७ पासून १ फेब्रुवारीला.

अवनी

वाचतेय. माझा प्रश्न इथेच विचारते, वेगळा धागा नको.

पगार ११ लाख २० हजार, म्हणजे प्रमाणित वजावटीनंतर १०.४५. ऑफिसने कर शून्य धरलाय. मध्यंतरी काही शेअर्स वर्षाच्या आत विकले, ९० हजार नफा. एकूण बेरीज बाराच्या आतच येते. मग तोही करमुक्त ना?

हिशोबनीस

नाही. बारा लाखांपर्यंत कर शून्य करणारी ८७एची सूट स्लॅबने बसणाऱ्या करापुरतीच आहे. शेअर्सवरचा अल्पकालीन नफा विशेष दराने करपात्र, जुलै २०२४ च्या बजेटपासून २० टक्के (आधी १५ होता). ९० हजारांवर १८,०००, सेस धरून १८,७२०. पगारावर शून्य, नफ्यावर पूर्ण.

१० हजारांच्या वर कर बसत असेल तर आगाऊ कर भरावा लागतो. १५ मार्चच्या आत भरून टाका, नाहीतर वर व्याज बसेल. ऑफिसला ह्या नफ्याचा पत्ता नसतो, त्यामुळे 'टीडीएस शून्य आहे' ह्यावर विसंबू नका.

अवनी

अठरा हजार! बारा लाखांच्या स्टेटसमध्ये हे कुणी लिहिलं नव्हतं.

चहाबाज

स्टेटसला तारांकित तळटीप नसते.

गावाकडचा

मंडळी, राग मानू नका, पण इथवरचे सगळे प्रतिसाद आयकरावर आहेत. आमच्या गावात आयकर भरणारे म्हणजे दोन मास्तर आणि एक तलाठी. आमच्याकडे बजेट म्हणजे खात्यावर काय पडलं.

लाडकी बहीण जून २०२४ च्या राज्य बजेटात जाहीर झाली, जुलैपासून महिना १५०० धरले. आमच्या घरात वहिनीला १५००, आईला ५००. कारण सातबारा आईच्या नावावर. तिला पीएम किसानचे वर्षाला सहा हजार आणि नमो शेतकरीचे सहा हजार येतात, म्हणजे महिना हजार. मग लाडकी बहीणमधून फक्त वरचा फरक, पाचशे. वहिनीच्या नावावर जमिनीचा तुकडा नाही म्हणून तिला पूर्ण. आई म्हणते, नावावर जमीन करून काय मिळवलं?

शेजारच्या घरात पोराने बँकेचं कर्ज काढून वडापची जीप घेतली. चारचाकी म्हणून आईचे पैसे बंद. ट्रॅक्टर असता तर चाललं असतं. ट्रॅक्टरवाला आमच्यात सगळ्यात सधन, हे सांगायला नको.

वहीत दिसतं का विचाराल तर हो, दिसतं. वहिनीचे १५०० बचत गटाच्या हप्त्यात जातात, शेळ्यांचं कर्ज होतं. ते पैसे उशिरा आले की गटाच्या बैठकीत तिचा आवाज बारीक होतो. लवकर आले की ती पहिली जाऊन बसते.

दीड_शहाणा

आणि हे पैसे येतात कुठून, ह्यावरही लिहा की. सायलीताईंच्या नवऱ्याच्या ६७ हजारांतून. मध्यमवर्गाने भरायचं आणि निवडणुकीआधी वाटायचं. लाडकी बहीणचे १५०० चे २१०० करतो म्हणाले होते, त्याचं काय झालं?

गावाकडचा

डिझेलवर कर आम्ही पण भरतो. मोबाइलचा रिचार्ज मारतो त्यावर १८ टक्के, फवारणीच्या औषधावर १८ टक्के. फक्त आमच्या कराला फॉर्म १६ (पगारातून कर कापल्याचा दाखला) मिळत नाही, म्हणून तुम्हाला तो दिसत नाही. आयकराचे पैसे आधी दिल्लीला जातात, लाडकी बहीण राज्याच्या तिजोरीतून आहे. थेट तुमच्या खिशातून माझ्या वहिनीच्या खात्यात अशी पाइपलाइन नाही.

हिशोबनीस

दोघांचंही थोडं थोडं बरोबर. आयकरातला ठरलेला वाटा राज्यांना येतो. पण त्यावरचा ४ टक्के सेस केंद्राकडेच राहतो, राज्यांना वाटला जात नाही. बाकी राज्याची मोठी कमाई जीएसटीचा हिस्सा, मुद्रांक शुल्क, पेट्रोल-डिझेल आणि दारूवरचे कर ह्यांतून.

२१०० बद्दल बोलायचं तर आश्वासनापेक्षा तरतूद बघावी. पहिल्या वर्षी ४६ हजार कोटी सांगितले होते, २०२५-२६ च्या राज्य बजेटात ३६ हजार कोटी धरले. ह्या आकड्यात रक्कम वाढवायला जागा कुठे आहे? उलट लाभार्थी छाननी होणार, हे त्यातच लिहिलेलं होतं.

गावाकडचा

छाननी झालीच. ई-केवायसी. माझी मावशी विधवा, वडील पण नाहीत. अर्जात नवरा किंवा वडील यांचा आधार नंबर मागत होता. सेतूवाल्या पोराने तीनदा पान उघडलं, तिथेच अडकलं. आधारला जोडलेला मोबाइल नंबर पुण्यातल्या भावाकडे, ओटीपी त्याच्या फोनवर, तो कंपनीत, फोन लॉकरमध्ये. मावशी काउंटरपाशी पदराला हात पुसत उभी, मागे वीस बायकांची रांग. बजेटचा परिणाम विचारलात ना, आमच्याकडे तो तिथे दिसतो. पुढे एकट्या बायकांसाठी वेगळी सोय करतो म्हणाले, पण दोन दिवसांची मजुरी गेलीच.

व्यवस्थापक

राजकीय पक्ष आणि निवडणुकांवर चर्चा नको. धागा चांगला चाललाय, तसाच चालू द्या.

दीड_शहाणा

पक्षाचं नाव घेतलेलं नाही. असो. मावशींचं वाचून वाईट वाटलं, ते मान्य. मुद्दा मात्र सोडत नाही.

मृदुला_टीचर

माझी मुलगी इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला आहे. २०२४-२५ पासून राज्य सरकारने मुलींचं व्यावसायिक शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ केलं. ओबीसी, एसईबीसी, आर्थिक दुर्बल घटक, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत. प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून हवा. आम्ही ओबीसी. पूर्वी निम्मी सवलत होती, आता पूर्ण. आमच्या घरात आजवर आलेला सरकारचा सगळ्यात मोठा पैसा हाच, आणि तो रोख नाही.

तो वहीत कसा दिसतो? दिसत नाही. न झालेला खर्च कोण लिहून ठेवतं? होस्टेल, मेस, 'डेव्हलपमेंट'च्या नावाखाली अजून काही, हे सगळं मात्र पानोपान लिहिलेलं आहे. कॉलेजने सुरुवातीला 'आधी पूर्ण फी भरा, शासनाकडून आल्यावर परत देऊ' असं सांगितलं. आम्ही चार पालक शासन निर्णयाची प्रत घेऊन गेलो, मग ऐकलं.

खरी भीती वेगळीच आहे. आम्हा दोघांचं मिळून उत्पन्न ७ लाख ८० हजार आहे. मला यंदा वेतनवाढ आहे. आठच्या वर वीस हजार जरी गेले, तरी संपूर्ण माफी जाईल. वेतनवाढ नको म्हणून अर्ज करता येतो का?

हिशोबनीस

मृदुलाताई, तुमच्या प्रश्नाने ह्या धाग्याचा खरा मुद्दा वर आला.

सायलीताईंच्या नवऱ्याचं उत्पन्न बारा लाखांच्या ६५ हजार वर आहे. त्यांना मार्जिनल रिलीफ आहे. कायदा म्हणतो, रेषेपलीकडे तू जेवढा गेलास त्याहून जास्त मी घेणार नाही. समजा करपात्र उत्पन्न १२ लाख १० हजार असेल, तर स्लॅबने ६१,५०० बसतात, पण घेतले जातात १० हजार आणि सेस. तिथे उतार केलेला आहे. योजनांच्या रेषेला उतार नाही, सरळ कडा आहे. आठ लाखांवर एक रुपया गेला की संपूर्ण फी. लाडकी बहीणमध्ये अडीच लाखांवर गेलं की १५०० चे थेट शून्य. चारचाकी आली की शून्य. घरात कुणी आयकरदाता झाला की शून्य.

म्हणून पगारवाढीच्या वर्षी फक्त कर मोजू नका. कोणती रेषा ओलांडतोय ते आधी पाहा. आठच्या पलीकडे जाणार असाल तर पुढच्या वर्षाची फी आत्तापासून खर्चात धरा. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा लागतो, त्यावर कोणत्या आर्थिक वर्षाचं उत्पन्न धरलंय तेही नीट वाचा. बरेचदा आधीच्या वर्षाचं असतं, म्हणजे वेतनवाढीचा फटका एक वर्ष उशिरा बसतो. तेवढा वेळ हाताशी असतो.

आणि नाही, वेतनवाढ नाकारू नका. ती निवृत्तीपर्यंत पुरते, फी दोनेक वर्षांत संपते.

मृदुला_टीचर

धन्यवाद. नवऱ्याला हे वाचून दाखवलं. तो म्हणतो, आपण कड्यावर राहतोय हे माहीत नव्हतं.

चहाबाज

थोडं अवांतर. मला सगळ्यात मोठा बदल जाणवला तो बजेटातून आलाच नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. तो जीएसटी परिषदेचा निर्णय, फेब्रुवारीच्या भाषणाशी संबंध नाही. २५ हजारांच्या हप्त्यावर ४५०० वाचायला हवेत. आमचं नूतनीकरण ऑक्टोबरात होतं. कागद आला तर मूळ हप्ताच वाढलेला. वाचले ते नऊशे.

फुलराणी

आणि ऑक्टोबर २०२४ पासून बऱ्याच कामांना १०० चा स्टॅम्प पेपर चालत नाही, ५०० चा लागतो. तेही बजेटात नव्हतं.

आबा_पेन्शनर

एसटीचंही तसंच. मार्च २०२३ च्या राज्य बजेटात महिलांना अर्धं तिकीट. मी ७५ च्या आतला, म्हणून मलाही अर्धं. जानेवारी २०२५ मध्ये भाडं जवळजवळ १५ टक्क्यांनी वाढलं. दोनशेचं तिकीट दोनशेतीस झालं असेल तर आमची सौ. शंभराऐवजी एकशेपंधरा देते. ती अजून फायद्यात आहे. पूर्ण तिकीट काढणारा तरुण पोरगा मात्र तीस रुपयांनी मागे. सवलत एकाला बजेटात मिळाली, भाववाढ सगळ्यांना बजेटाबाहेर.

ठोंब्या

तो तरुण पोरगा मी. माझ्यासाठी कुठलीच योजना नाही. वय २८, अविवाहित, पगार रेषेच्या वर, जमीन नाही, मुलगी नाही.

अवनी

@ठोंब्या, 'लाडका ठोंब्या'साठी अर्ज कर.

निवांत_काका

आबा, तुम्ही जाणकार दिसता म्हणून विचारतो. ज्येष्ठांना एक लाखापर्यंतचं व्याज २०२५ पासून करमुक्त झालं ना? आमच्या सोसायटीत सगळे असंच म्हणतात.

आबा_पेन्शनर

नाही हो. टीडीएस कापण्याची मर्यादा ५० हजारांवरून एक लाख झाली, एका बँकेपुरती. कापला नाही म्हणजे लागत नाही, असा अर्थ नाही. व्याज उत्पन्नात धरायचंच. पण नव्या प्रणालीत सगळं मिळून बाराच्या आत असेल तर कर शून्यच येतो. तेव्हा 'कर कापू नका' असा फॉर्म बँकेत भरून मोकळे व्हा, एप्रिलच्या सुरुवातीलाच.

पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक योजनेची मर्यादा २०२३ च्या बजेटात १५ लाखांवरून ३० लाख झाली, ते मात्र खरंच कामाचं. ८.२ टक्क्यांनी पूर्ण ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० येतात. खातं उघडताना जो दर असेल तो पाच वर्षं बांधला जातो. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये रेपो (बँकांना कर्ज देण्याचा दर) उतरवत आणला तसे आमच्या बँकेतल्या ठेवींचे दर खाली आले. कर्जवाल्यांचा हप्ता हलका, आमचं व्याजही हलकं. सायली, तुझ्या घरी हप्ता कमी झाला असेल, तोही बजेटमुळे नाही.

सायली_म

आबा, हप्ता कमी झाला नाही, मुदत कमी झाली. बँकेने हप्ता तोच ठेवला. म्हणजे तोही वहीत दिसत नाही!

सगळ्यांचे आभार. हिशोबनीसांचे आकडे नवऱ्याच्या हातात ठेवले, नवी प्रणाली निवडून टाकली. आता माझी खरी अडचण सांगते. ८०सी भरायचं म्हणून दर जानेवारी-फेब्रुवारीत धावपळ करून का होईना, सुकन्या खात्यात आणि पीपीएफमध्ये पैसे पडायचे. आता वजावटच नाही म्हटल्यावर नवरा म्हणतो, कशाला अडकवायचे? मला ते पटत नाही, पण उत्तरही सुचत नाही.

हिशोबनीस

सुकन्येवर ८.२ टक्के व्याज आहे आणि ते नव्या प्रणालीतही करमुक्तच आहे. पीपीएफचं ७.१ टक्के (एप्रिल २०२० पासून हललेलं नाही) तेही करमुक्त. गेली ती भरतानाची वजावट. दर आवडत असेल तर भरा, नाहीतर दुसरीकडे वळवा, पण वळवाच. विमा पॉलिसी केवळ ८०सीसाठी घेतलेली असेल तर तिचा मात्र शांतपणे पुनर्विचार करा.

आता खास तुमच्यासाठी. नव्या प्रणालीत एक वजावट टिकून आहे: मालकाने एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) भरलेली रक्कम, मूळ वेतनाच्या १४ टक्क्यांपर्यंत. खासगी नोकरीसाठी ही मर्यादा जुलै २०२४ च्या बजेटात १० वरून १४ केली. मूळ वेतन वर्षाला ५ लाख ४० हजार, १४ टक्के म्हणजे ७५,६००. आहे त्याच पगारातून कंपनीने एवढे एनपीएसकडे वळवले, तर करपात्र उत्पन्न ११,८९,४००. कर शून्य.

६७,६०० वरून शून्य. महिन्याला हातातले ६,३०० कमी होतात आणि कर ५,६०० च्या वर वाचतो. म्हणजे खिशातून जातात सातशेच्याही आत, आणि जमा होतात ६,३००. पैसे बरीच वर्षं बहुतांश अडकतात, बाजाराचा चढउतारही आहे. पण नवऱ्याला 'कशाला अडकवायचे' ह्याचं उत्तर एवढ्या आकड्यात मिळेल.

चहाबाज

हिशोबनीस, हे पहिल्याच प्रतिसादात का नाही लिहिलंत?

हिशोबनीस

कारण बहुतेक कंपन्या वर्षाच्या मधे पगाराची रचना बदलत नाहीत आणि जानेवारीत हे ऐकून लोक एचआरशी भांडतात.

दीड_शहाणा

हे भारी आहे. माझंही १३ च्या आसपास आहे, उद्याच विचारतो. (गावाकडचा, तुमच्या मावशींचं झालं का?)

गावाकडचा

झालं. तालुक्याला जाऊन अंगणवाडी ताईंनी कागद लावले, नवऱ्याचा आणि वडिलांचा मृत्यू दाखला जोडून. पुढचा हप्ता येईल तेव्हा खरं. विचारलंत, बरं वाटलं.

सायली_म

एचआरशी बोलणं झालं. हिशोबनीस म्हणाले तसंच, एप्रिलपासून. एनपीएसचा पर्याय कंपनीत आहे, तीन वर्षांपूर्वी मेलही आलं होतं म्हणे, कुणी उघडलं नाही. यंदाचे ६७,६०० भरायचे. नवऱ्याला सातशेचा आकडा पटला. सुकन्येचं मात्र दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत आपोआप जाईल असं बँकेत सांगून आले, फेब्रुवारीची वाट बघायला नको.

फुलराणी

पाच तारखेच्या आत का?

हिशोबनीस

पाच तारखेनंतर महिनाअखेरपर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक असते, तिच्यावर त्या महिन्याचं व्याज धरतात. पीपीएफलाही हाच नियम.

निवांत_काका

आईच्या नावावर ठेवी आहेत, वय ८४. पेन्शन आणि व्याज एकाच बँकेत, दुसरं उत्पन्न नाही. दरवर्षी रिटर्न भरायला मीच पळतो. तिलाही भरावंच लागतं का?

हिशोबनीस

७५ च्या पुढे, फक्त पेन्शन आणि त्याच बँकेतलं व्याज असेल, तर बँकेत घोषणापत्र दिलं की रिटर्नमधून सुटका आहे. बँक स्वतः हिशोब करून लागेल तेवढा कर कापते. पण ठेवी दुसऱ्या बँकेत किंवा पोस्टात एक जरी असली तरी ही सोय लागू नाही, तेव्हा आधी सगळ्या पावत्या काढून बघा. आणि बँकेतल्या माणसाला हा नियम माहीत नसण्याची शक्यता धरून जा.

निवांत_काका

पोस्टात मासिक प्राप्ती योजनेतली एक ठेव आहे. म्हणजे पळणं आलंच.